दारातला माणूस

नांदेड,
१८ फेब्रुवारी

प्रिय रुद्राणी,

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली मला जलीलकडून कळते, आणि माझी तुला त्याच्याकडूनच कळत असणार. दोन वर्षं आपलं असंच चाललंय. हे पत्र मात्र माझं मी लिहितोय. फोनवर बोलायला गेलो की दुसऱ्या वाक्याला माझा आवाज कचेरीतल्यासारखा होतो, आणि मोबाईलवर टाइप करायला गेलो की तीन ओळींत संपतं. म्हणून कागद घेतला. अक्षर अजून मोजणीच्या नकाशावर काढायचो तसंच आहे, वाचायला अडचण पडणार नाही.

आधी बातमी सांगतो. तू ज्याच्या फिल्म बघत सिनेमा शिकलीस त्या एलादिओ कुएर्वाच्या तीन फिल्म गेल्या महिन्यात नांदेडात दाखवल्या. दाखवल्या जलीलनं. देगलूरच्या टॉकीजमध्ये त्यानं ऑपरेटर म्हणून वीस वर्षं काढली, टॉकीज बंद पडल्यावर इथं येऊन फोटो स्टुडिओ टाकला, तरी पडद्याची हौस काही गेली नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्याचा फिल्म क्लब चालतो. चाळीस खुर्च्या, एक पांढरी भिंत आणि मध्यंतरात चहा. डिसेंबरात तो मला म्हणाला, "उमाशंकर, पोरगी ज्याच्यापायी येडी झाली तो माणूस एकदा बघू तरी." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं ते हो धरलं. लातूरच्या क्लबलाही निरोप गेला. तिथून प्राध्यापक शेषेराव आणि चाकूरचे बियाण्यांचे दुकानदार बसवंत असे पाच-सहा जण गाडी करून तिन्ही रविवारी येत राहिले.

कुएर्वा स्पेनचा नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे, भाषा फक्त स्पॅनिश, हे जलीलनं तिन्ही वेळा सुरुवातीला सांगितलं. लोक तिन्ही वेळा त्याला स्पेनवालाच म्हणाले. जगभरच्या बक्षिसांची यादीही जलीलनं वाचून दाखवली, पण त्याचं स्वतःचं मत त्या माणसाबद्दल बरं नाही. पहिल्या फिल्ममध्ये एक माणूस खेचरावर लाकडी कपाट लादून डोंगरापलीकडे बहिणीच्या गावी नेतो. दोन तास तेवढंच. शेवटी कपाट पोचतं आणि फिल्म संपते. दिवे लागल्यावर बसवंत म्हणाले, "दोन तास कपाट बघितलं. उघडून तरी दाखवायचं की आत काय हाय." शेषेराव म्हणाले, ते उघडत नाही हीच तर फिल्म आहे. त्यावर बसवंत शांतपणे म्हणाले, "सर, मी पोतं न उघडता बियाणं विकलं तर शेतकरी मला दुकानातच हाणतील." हॉल हसला. शेषेरावही हसले, पण मग अर्धा तास बोलले. त्यांच्या मते, दुसऱ्याचं ओझं उघडून बघायचा हक्क आपल्याला नाही एवढंच तो दिग्दर्शक सांगतोय. जलीलला तेही पटलं नाही. "मी टॉकीजमध्ये माणसं रडताना बघितली, शिट्ट्या मारताना बघितली," तो म्हणाला. "हा माणूस उजेड लई भारी पकडून राहिला, पण पब्लिकनं काय करायचं तेच सांगत न्हाई." दुसऱ्या रविवारी दोन भाऊ मेंढरं विकून टाकतात ती फिल्म झाली. बी.एड.ची एक मुलगी ती बघून रडली, आणि तिच्या शेजारचे गृहस्थ घोरत होते. दोघांनी एकच फिल्म बघितली असं म्हणायचं.

मला या भांडणात नवल वाटलं नाही. बत्तीस वर्षं भूमापक म्हणून मी दोन भावांच्या मध्ये मोजणीची साखळी धरून उभा राहिलोय. हिमायतनगरला एकदा एकाच बांधाची मी तीन वेळा मोजणी केली. तिन्ही वेळा आकडा तोच आला, आणि तिन्ही वेळा दोघं भाऊ म्हणाले, साहेब, चुकली. जमीन तीच असते, प्रत्येक जण आपल्या बाजूनं बघतो. त्यामुळे मी मागच्या रांगेत बसून ऐकत राहिलो. मला कुणी मत विचारलं नाही. जलीलला माहीत होतं की विचारू नये.

तिसऱ्या रविवारची फिल्म मात्र तुला सविस्तर सांगावी लागेल. तू ती किती वेळा बघितली असशील मला ठाऊक नाही, मी पहिल्यांदाच बघत होतो. मिठागरांच्या काठावरचं एक घर. म्हातारा मीठ ओढतो, म्हातारी आत खाटेवर आजारी. कॅमेरा अंगणात, समोर दार. अकरा मिनिटं तेच एक दृश्य. म्हातारा कामावरून येतो, दारात उभा राहतो, आत बघतो, निघून जातो. परत येतो, पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवतो, निघून जातो. आतून खोकल्याचा आवाज येतो. तो तिसऱ्यांदा येतो, चौकटीला हात लावतो, तसाच उभा राहतो. कॅमेरा जागचा हलत नाही आणि म्हाताराही आत जात नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला बसवंत मोठ्यानं म्हणाले, "आत जा की बाबा." कुणी हसलं नाही.

त्या दिवशीची चर्चा चहा गार होईपर्यंत चालली. बसवंतांना राग आला होता. घरात बाई मरायला टेकली आणि हा दारात उभा, असल्या माणसावर फिल्म काढून जगानं बक्षिसं कशाला द्यावीत, असा त्यांचा सवाल होता. शेषेराव म्हणाले, दिग्दर्शकानं त्या बाईची लाज राखली, कॅमेरा आत नेला नाही. जलील म्हणाला, लाज राखायची तर फिल्मच काढायची नव्हती, ही तर दारामागं लपायची युक्ती झाली. वहिदाभाभी त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. नवऱ्याच्या क्लबात त्या कधी येत नाहीत, तिथं नुसती बोलणारी माणसं असतात म्हणतात. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "तो पळून गेला न्हाई ना. रोज दारापर्यंत येऊन राहिला. लई जण तेवढं बी येत न्हाईत." मग म्हणाल्या, "पण आत गेला असता तर बरं झालं असतं. ती वाट बघत होती." जलीलनं विचारलं, "ती तर दिसतच न्हाई, तुला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "मला कळतं."

मी चहा न घेता खाली आलो.

तुला आठवत असेल, तू तुझी फिल्म केलीस तेव्हा कॅमेरा नेमका असाच लावला होतास. बोळकांडीत तिपाई, समोर तुझ्या आईच्या, शिवकन्याच्या, खोलीचं दार, आत खाट आणि खिडकी. तिची फुप्फुसं आखडत चालली होती आणि घरात ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घुमत होतं. तू पुण्याहून येऊन चार महिने राहिलीस. तू तिला न्हाऊ घालायचीस, भात भरवायचीस आणि उरलेल्या वेळात त्या तिपाईमागं बसायचीस. मला ते आवडत नव्हतं, पण मी बोललो नाही. माझा वेळ मी बाहेर काढत होतो. औषधं आणणं, मशीनवाल्याला बोलावणं, लाईट गेली की बॅटरी बघणं, हे सगळं मी चोख केलं. वाणसामानाची यादीसुद्धा मी तेव्हा दोनदा लिहायचो. शिवकन्याच्या खोलीत मी दिवसातून पाच-सहा वेळा डोकावायचो. ती बहुतेक वेळा झोपलेली असायची. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा, म्हणून मी परत फिरायचो. हे मी तेव्हाही खरं धरलं होतं आणि नंतर वर्षभरही.

ती गेल्यावर वर्षानं तू फिल्म घेऊन आलीस. आपण दोघंच बसलो होतो, दिवाळीनंतरची दुपार होती, तुझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. पस्तीस मिनिटांची फिल्म. मी पूर्ण बघितली. मग उठलो आणि तुला म्हणालो की कुणा परदेशी माणसाची नक्कल करायला तुला तुझी आईच सापडली का. म्हणालो की मरणाऱ्या बाईचं प्रदर्शन मांडणं ही कला नव्हे, आणि महोत्सवाला घरच्यांचं संमतीपत्र लागतं म्हणतेस, तर माझी सही मिळणार नाही. आईनं एकदा हात वर करून "बस कर आता" म्हटलं होतं, तेही तू ठेवलं होतंस. त्यावरून मी तुला जे बोललो ते इथं पुन्हा लिहीत नाही. तू एकच वाक्य बोललीस, "आप्पा, तुम्ही फिल्ममध्ये काय बघितलं ते सांगा." मी सांगितलं नाही. तू संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेलीस.

मी काय बघितलं ते आता सांगतो. त्या फिल्ममध्ये मी नऊ वेळा दारात येतो. पाठमोरा दिसतो, कधी हातात पिशवी, कधी नुसताच. मी नऊच्या नऊ वेळा परत फिरतो. हे मला माहीत होतं, त्याचं काही वाटलं नसतं. जे माहीत नव्हतं ते माझ्या पाठीपलीकडे होतं. माझी चाहूल लागली की शिवकन्या डोळे मिटून घेत होती. मी वळलो की उघडत होती. नऊही वेळा. तू कॅमेरा जागचा हलवला नव्हतास, जवळ नेला नव्हतास, तरी ते स्पष्ट दिसत होतं. मी चार महिने जिला झोपलेली समजत होतो ती जागी होती, आणि माझ्या जाण्याची वाट बघत होती असं मला वाटलं. चौतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला आपलं तोंड बघायचं नव्हतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. ते मला तुझ्यासमोर सोसवलं नाही, म्हणून मी आईच्या अब्रूचं कारण पुढं केलं. तुझ्या फिल्ममध्ये तिची अब्रू कुठंच गेलेली नाही.

तिसऱ्या रविवारनंतर दोन दिवसांनी वहिदाभाभी घरी आल्या. चर्चेतून मी उठून गेलो ते त्यांनी बघितलं होतं. शिवकन्याचे शेवटचे महिने त्या रोज दुपारी यायच्या, तुला हातभार लावायला. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. पोरगी कॅमेरा लावायची त्या दिवशी शिवकन्याभाभी मला लवकर बोलवायच्या. केस विंचरून घ्यायच्या, लुगडं कोणतं नेसू इचारायच्या. बस कर म्हणाल्या ना, त्याच दिवशी मागनं मला म्हणल्या, चांगलं आलं आसंल का गं." मी ऐकून घेतलं. मग मला विचारावंच लागलं. मी विचारलं, मी दारात आलो की ती डोळे का मिटायची. वहिदाभाभींना ते माहीत होतं. त्यांना नवल मला माहीत नसण्याचं वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यांना माजी धाप बघवत न्हाई म्हणायच्या. मी झोपले असं दिसलं की निवांत जातात. कामून उगं त्यांना तरास द्यायचा."

त्या फार बसल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "रडायचं आसंल तर रडून घ्या, मी जलीलला काय सांगत न्हाई." मी रडलो नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत हयातीच्या दाखल्याचं काम होतं, ते केलं. तिसऱ्या दिवशी चाकूरला एका लग्नाला गेलो, तिथं बसवंत भेटले. जेवताना त्यांनी परत त्या म्हाताऱ्याचा विषय काढला, चार दिवस झाले तो डोक्यातून जात नाही म्हणाले. त्यांचे वडील गेले तेव्हा ते गिऱ्हाइकांत होते, निरोप आला तरी हातातला सौदा पुरा करून निघाले. हे त्यांनी वरणात भात कालवता कालवता सांगितलं. मग म्हणाले, "तरी बी माझं मत तेच हाय. त्यानं आत जायला पायजे होतं." मी म्हणालो, माझंही तेच मत आहे. त्या दिग्दर्शकाबद्दल मी दिलेलं हे पहिलं आणि शेवटचं मत. तो मोठा आहे की नाही ते शेषेराव आणि जलील ठरवतील. मिठागराच्या फिल्ममध्ये त्यानं म्हातारीचं तोंड दाखवलं नाही, त्यामुळे ती डोळे मिटत होती की उघडे ठेवून बघत होती ते आम्हाला कधीच कळणार नाही. तू दाखवलंस. त्या बाबतीत तू त्याची नक्कल केली नाहीस. हे मी दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. जानेवारीच्या सुरुवातीला तू जलीलकडे माझ्यासाठी पेन ड्राइव्ह पाठवलास, सोबत चिठ्ठी होती, "आप्पा, यात आता तुम्ही कुठंच नाही. आता तरी हरकत नसावी." मी ती नवी फिल्म काल बघितली. आधी धीर झाला नव्हता. तू खरोखरच मला काढून टाकलंयस, नऊही ठिकाणी, आणि इतकं सफाईनं की नवख्या माणसाला कळणार नाही. पण त्यामुळे काय झालंय ते तुझ्या लक्षात आलं असेल का, मला माहीत नाही. दार रिकामं राहिलंय. शिवकन्या डोळे मिटते आणि थोड्या वेळानं उघडते, आणि ती हे कुणासाठी करतेय ते कळत नाही. बघणाऱ्याला वाटेल की आजारी बाई आहे, डोळा लागत असेल. मशीन चाललंय आणि घरात तिला कुणीच नाही, असं ते दिसतं. तसं नव्हतं. तिचा नवरा दारात येत होता, आणि दम लागत असतानाही ती त्याची सोय बघत होती. ते तिनं शेवटपर्यंत केलेलं काम आहे, ते फिल्ममधून जाऊ नये. म्हणून हे संमतीपत्र सोबत जोडतोय, दोन्ही पानांवर सही केली आहे, साक्षीदार म्हणून जलील आणि वहिदाभाभी आहेत. ते पहिल्या फिल्मसाठी आहे, दुसरीसाठी नाही, तसं मी वर स्वच्छ लिहिलंय. मला परत जागेवर ठेव. महोत्सवात लोक म्हणतील, हा कसला माणूस, आत का जात नाही. म्हणू देत. कुणी विचारलंच तर सांग की ते माझे वडील आहेत, आणि त्यांनी स्वतः सांगितलंय म्हणून ठेवलंय.

तुझाच, उशिरा लिहिणारा,
आप्पा